बडोद्यात हिमनदी नाही, मग हवामानबदलाचे फोटो कशाचे काढायचे?

मांजलपूरच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, मकरपुऱ्यात नोकरी करून उरलेल्या वेळात फोटो काढतो. २०१९ आणि २०२४ च्या पुरात भरपूर काढले. लोकांनी मोबाइलवर खूप फिरवले आणि आठवड्याभरात विसरले. मला हवामानबदलावर डॉक्युमेंटरी काम करायचंय, पण आपल्याकडे ना वितळणारी हिमनदी, ना बुडणारं बेट. फोटो बघून खरंच कुणाला जाग येते का? आणि बडोद्यात राहून काढायचं तरी काय?"

जाग येते. सत्तावीस वर्षं हेच काम केल्यावर मी हे ठामपणे सांगू शकते. मात्र एका फोटोने येत नाही आणि पुराच्या दिवशीच्या फोटोने तर क्वचितच येते. तुझे फोटो लोक विसरले यात तुझा दोष नाही. पुराचा फोटो पूर दाखवतो, हवामान दाखवत नाही. हवामानशास्त्रात सरासरी काढायची तर तीस वर्षांची काढतात, आणि आपलं शटर एका सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतं उघडतं. तुझ्या प्रश्नाचं सगळं अवघडपण याच दोन आकड्यांमध्ये आहे. अडीचशेव्या भागात तीस वर्षं कशी पकडायची? माझं उत्तर एकच आहे: एकाच जागी परत परत जा, आणि दर वेळी मोजून, लिहून घे. बाकी जे सांगणार आहे ते यातूनच निघतं.

२०१९ चा सर्वांत गाजलेला फोटो तुला आठवत असेल. ३१ जुलैला बडोद्यात चोवीस तासांत जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी एका पोलीस अधिकाऱ्याचा फोटो देशभर गेला. दीड महिन्याचं बाळ प्लास्टिकच्या टबात, टब डोक्यावर, आणि स्वतः गळ्याएवढ्या पाण्यात. लोकांना वसुदेव आठवला. त्या माणसाच्या धैर्याला मी आजही हात जोडते, आणि फोटो म्हणूनही तो चांगलाच आहे. पण त्या फोटोतलं पाणी नुसतं पाणी आहे. ते कुठून आलं, पूर्वी किती यायचं, त्या वस्तीत कुठवर यायचं, यातलं काही तो सांगत नाही. तसंच २०२४ च्या ऑगस्टमध्ये अकोट्याकडे घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचं. जगभर तो फोटो गेला. माझ्या मुंबईच्या आत्येबहिणीने फोन करून विचारलं, "बडोद्यात आता मगरी पण आल्या का गं?" आल्या नाहीत, त्या इथल्याच आहेत. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि मगरींचं तिच्यातलं बिऱ्हाड जुनं आहे. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला तो फोटो फक्त दचकवतो.

आता एक स्वयंपाकघर सांगते.

नदीच्या काठच्या एका वस्तीत मी २००५ पासून एका घरी जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा पूर ओसरून चार दिवस झाले होते आणि घरातली आजी फडक्याने भिंत पुसत होती. चिखलाची रेघ तिने सगळीकडची पुसली, चुलीमागच्या कोपऱ्यातली तेवढी ठेवली. का ठेवली विचारलं, तर म्हणाली, "सुनेला कळायला नको, सामान कुठवर उचलायचं ते?" तिने त्या रेघेवर कोळशाने साल लिहिलं. पुढे २०१४ चा पूर आला, २०१९ चा आला, २०२४ चा आला. आजी आता नाही. सून दर दिवाळीला घर रंगवते आणि तो हातभर रुंदीचा पट्टा रंगाविना सोडते. २०१९ ची रेघ गॅसच्या ओट्याच्या कडेला आहे, २०२४ ची मसाल्याच्या डब्यांच्या फळीला टेकली आहे. मी तो पट्टा एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, त्याच लेन्सने काढत आले. चार फोटो शेजारी शेजारी ठेवले की कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. बायका आधी फळीकडे बघतात. आपल्या घरी ती फळी कुठे आहे, हे त्यांचा हात आपोआप हवेत दाखवतो. दचकवणारा फोटो आणि जाग आणणारा फोटो यांतला फरक मला त्या हातांनी शिकवला.

मात्र या पट्ट्याबद्दलसुद्धा मी एक चूक करणार होते. रेघांची उंची जमिनीपासून मोजायची, इतकं सोपं मला वाटलं होतं. पण २०१६ मध्ये त्या घरात जुन्या फरशीवर नव्या टाइल्स बसल्या आणि जमीनच दीड इंच वर आली. बाहेरचा रस्ता तर दर डांबरीकरणात चढतो. जुन्या वस्त्यांत घराचं जोतं रस्त्याच्या खाली गेलेलं तूही पाहिलं असशील. म्हणून उंची अशा गोष्टीपासून मोजायची जी हलत नाही: दाराच्या चौकटीचा दगड, देवळाची पायरी, पुलाचा खांब. आणि मोजपट्टी फोटोत दिसायला हवी. मी शिंप्याची पट्टी वापरत नाही, ती ताणली जाते. सुताराची पोलादी टेप घे. पुराची रेघ टिपायची असेल तर पहिल्या आठवड्यातच जा. पावसाची पुढची सर अर्धी रेघ धुते आणि दिवाळीचा रंग उरलेली नेतो.

फोटोओळीचा, म्हणजे फोटोखाली लिहायच्या मजकुराचा मुद्दा इथेच घेते, कारण नवे लोक सर्वांत कमी मेहनत तिच्यावरच घेतात. १९०८ पासून अमेरिकेत लुइस हाइन नावाचा छायाचित्रकार गिरण्यांत, खाणींत, काचकारखान्यांत काम करणाऱ्या मुलांचे फोटो काढत फिरला. मालक आत येऊ देत नसत, म्हणून खोटी ओळख सांगून शिरायचा. मुलाला जवळ उभं करून आपल्या कोटाच्या बटणांवरून त्याची उंची मोजायचा आणि खिशातल्या कागदावर, खिशातच हात ठेवून, वय, उंची, कामाचे तास टिपून घ्यायचा. मालक म्हणाले असते, "हे पोर सोळाचं आहे," तर हाइनकडे उत्तर तयार होतं. बालमजुरीला आळा घालणारा देशव्यापी कायदा तिथे टिकला तो १९३८ मध्ये. तीस वर्षं लागली. त्याच्या फोटोंमागे बालमजुरीविरुद्ध झटणारी एक समिती होती आणि त्याच्या ओळी समितीला पुरावा म्हणून वापरता येत होत्या. नुसती केविलवाणी चेहरेपट्टी असती तर लोकांनी हळहळून पान उलटलं असतं.

तेव्हा "बडोद्यात पुराचं थैमान" ही फोटोओळ नव्हे. तारीख, वेळ, नेमकी जागा, पाणी कुठल्या खुणेपर्यंत, ती माहिती कुणी दिली, आणि आधी पाणी कधी व कुठवर आलं होतं, हे सगळं लिही. आपल्याकडे नदीची पातळी काळा घोडा पुलापाशी फुटांत मोजतात आणि २६ फूट ही धोक्याची पातळी. पावसाळ्यात आजवा सरोवराची आणि विश्वामित्रीची पातळी बडोद्यातल्या प्रत्येक घरात क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारली जाते. मग फोटोखाली तो आकडा का नको? २०२४ मध्ये नदीने ३७ फूट ओलांडले. हे वाचल्यावर तोच फोटो बघणारा वेगळ्या नजरेने बघतो.

आता माझी एक खरीखुरी चूक. शहराबाहेर वाघोडियाच्या अंगाला एका तळ्याचा भेगाळलेला तळ मी मे महिन्यात काढला. उजेड सुंदर होता, भेगांची नक्षी अगदी पाहिजे तशी आली होती, भेगेत एक शिंपलाही होता. एका प्रदर्शनात मी तो "दुष्काळाच्या उंबरठ्यावर" म्हणून लावला. त्या गावचे एक काका प्रदर्शनाला आले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि अतिशय सौम्यपणे सांगितलं, "बेन, आ तो अमे खाली कराव्यूं छे." गाळ काढून शेतात टाकायचा म्हणून गावाने ते तळं मुद्दाम उपसलं होतं. म्हणजे पाणी साठवायची चांगली धडपड मी दुष्काळ म्हणून दाखवली होती. फोटो तिथेच उतरवला, पण ज्या दोन-तीनशे लोकांनी तो आधी पाहिला त्यांच्यापर्यंत मी पुन्हा पोचू शकले नाही. तेव्हापासून भेगाळलेली जमीन दिसली की आधी माणूस शोधते, मग कॅमेरा काढते.

हीच चूक फार मोठ्या पातळीवरही झाली आहे. २०१७ मध्ये उपासमारीने खंगलेल्या एका ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ नॅशनल जिऑग्राफिकने प्रसिद्ध केला आणि वर लिहिलं की हवामानबदल दिसतो तो असा. कोट्यवधी लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी त्या मासिकाला मान्य करावं लागलं की त्या एका अस्वलाचा हवामानबदलाशी इतका थेट संबंध जोडणं हे जरा जास्तच झालं. ते अस्वल आजारी होतं की म्हातारं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आर्क्टिकमधला बर्फ कमी होतोय हे शंभर टक्के खरं, पण एका चुकीच्या ओळीमुळे ज्यांना ते खोटं ठरवायचं होतं त्यांच्या हाती कोलीत मिळालं.

आपल्या पुराबाबतही तितकंच सांभाळून बोलायला हवं, आणि इथे मी थोडी थांबणार आहे, कारण बडोद्यात काम करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असलं पाहिजे. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते, शहरातून वळणं घेत जाते, पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंबातच्या आखाताला जातं. वर सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेलं आजवा सरोवर आहे. नदीच्या दोन्ही बाजूंना कोतरं आहेत, म्हणजे पाण्याने कोरलेल्या घळी. पूर आला की जास्तीचं पाणी तिथे पसरून बसायचं. ती कोतरं आणि जुनी तळी गेल्या काही दशकांत भरावाखाली गेली, वर इमारती उभ्या राहिल्या. हा सगळा भाग हवामानबदलाचा नव्हे, आपला आहे.

हवामानबदलाचा भाग वेगळा आहे आणि तोही तितकाच खरा आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. १८५० ते १९०० च्या तुलनेत २०११ ते २०२० हे दशक जगभरात सरासरी १.१ अंशांनी गरम होतं. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. जास्त बाष्प म्हणजे पाऊस कोसळतो तेव्हा जास्त जोराने कोसळायची शक्यता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तर गुजरातवर आलेलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र जमिनीवरून सौराष्ट्र-कच्छ ओलांडून अरबी समुद्रात उतरलं आणि तिथे त्याचं 'असना' चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ ही १९७६ नंतरची पहिलीच वेळ. मात्र "हा पूर हवामानबदलामुळे आला" असं एका वाक्यात लिहू नकोस. "अशा पावसाची शक्यता वाढते आहे, आणि तो पडल्यावर पाण्याला पसरायला आपण जागा ठेवलेली नाही," असं लिही. वाक्य लांब होतं, पण खरं राहतं. आणि फोटोला दोन्ही बाजू दाखवता येतात. रेघ एका चौकटीत, भरलेलं कोतर दुसऱ्या चौकटीत. २०२५ च्या पावसाळ्याआधी नदीपात्रातला गाळ काढून पात्र रुंद करायचं मोठं काम झालं. आधीचे काठ, कामातले काठ, आणि येणाऱ्या प्रत्येक पावसाळ्यानंतरचे काठ, हा एक प्रकल्पच आयुष्याला पुरेल. तू अजून तिशीत आहेस, तुझ्याकडे वेळ आहे.

हिमनदीचं म्हणालास म्हणून सांगते. जेम्स बेलॉग या छायाचित्रकाराने २००७ पासून हिमनद्यांसमोर कॅमेरे कायमचे रोवले आणि ते दिवसाउजेडी ठरलेल्या अंतराने आपोआप फोटो घेत राहिले. वर्षानुवर्षांचे हजारो फोटो एकामागून एक चालवले की बर्फ मागे सरकताना दिसतो. त्या कामात बर्फाइतकाच महत्त्वाचा होता तो न हललेला कॅमेरा. बर्फ आपल्याकडे नाही, पण न हलणारा कॅमेरा तू आजच उभा करू शकतोस.

तंत्र सोपं आहे, शिस्त कठीण आहे. जागा निवडताना विचार कर की पुढची वीस वर्षं तिथे उभं राहता येईल का. खासगी गच्ची सुंदर असते, पण घरमालक बदलतो. पुलाचा कठडा, घाटाची पायरी, शाळेचं फाटक बरं. कितव्या खांबापाशी उभा होतास, लेन्स जमिनीपासून किती उंच होती, कुठली लेन्स, तोंड कुठल्या दिशेला, हे वहीत लिही. मोबाइलने काढत असशील तरी चालेल, फक्त झूम करू नकोस आणि दर वेळी तीच मुख्य लेन्स वापर. पुढच्या वेळी जाताना आधीच्या फोटोची छापील प्रत हातात घेऊन जा. चौकट जुळवायची खूण अशी: फोटोतली एक जवळची कड बघ, समजा विजेच्या खांबाची, आणि एक लांबची, समजा पाण्याच्या टाकीची. त्या दोन कडांमधली फट जुन्या फोटोत जेवढी आहे तेवढीच समोर दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरक. फट जुळली की जागा जुळली. पहिल्यांदा मला यात अर्धा तास लागला होता, आता दोन मिनिटं लागतात. आणि वर्षातल्या त्याच पंधरवड्यात, दिवसाच्या त्याच वेळी जा, नाहीतर सावल्याच बदललेल्या दिसतील आणि बघणारा नको तिथे बघेल.

तुझी तीस वर्षं तूच सुरू करायला हवीत असं नाही. आपल्या मराठी घरांत खजिना पडून आहे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, कुठल्याही जुन्या घरात जा. मावशीच्या लाकडी कपाटात काळ्या पानांचा अल्बम असतो. कमाटीबागेतली सहल, सुरसागरच्या काठावर नव्या साडीत उभी नवरी, नदीच्या पुलावर सायकल धरून उभे काका. सगळे माणसांकडे बघतात. तू माणसांच्या मागे बघ. मागे झाड आहे, काठ आहे, पाण्याची पातळी आहे. सुरसागरच्या फोटोत मध्यभागी महादेवाची उंच मूर्ती नसेल तर तो ती उभी राहण्याआधीचा, एवढी तारीख तरी लगेच हाती येते. बाकीची मावशीला विचार: "ही साडी कधीची?" साडीवरून बायका साल अचूक सांगतात, हा माझा अनुभव. मग त्याच जागी उभा राहा. अल्बम घरी नेऊ नकोस, तिथेच फोटोवरून फोटो घे आणि मावशीला एक प्रत दे. ती प्रत म्हणजे तुझी पुढच्या दहा घरांची ओळखचिठ्ठी.

जे पुसलं जाणार आहे ते पुसलं जाण्याआधी टिपायचं, ही शिकवण बडोद्याला नवी नाही. आपल्या विद्यापीठातल्या फाइन आर्ट्स विद्याशाखेचे चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट साठच्या दशकाच्या अखेरीपासून गावोगाव फिरून भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं टिपत राहिले. दर सणाला पुसून नव्याने काढली जाणारी ती चित्रं, आणि काढणाऱ्या बायकाही सोबत. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे ते फोटो बघ. चित्र कधीही एकटं नसतं, ते कुणाच्या तरी घरावर असतं. हवामानाचे फोटो काढताना हे विसरलं जातं.

पुरानंतर ऊन. माझ्या मते बडोद्यात खरं काम इथे पडलं आहे आणि ते जवळजवळ कुणीच करत नाही, कारण उन्हाला चेहरा नसतो. २०१० च्या मे महिन्यात शेजारच्या अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातूनच २०१३ मध्ये तिथे उष्णतेशी लढायचा आराखडा तयार झाला, दक्षिण आशियातला पहिला. इतकी माणसं गेली, पण त्या महिन्याचा एकही फोटो माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. पुराचे शंभर येतात. माणसं पत्र्याखाली, खाटेवर, एकेकटी जातात. तिथे कॅमेरा नसतो.

उन्हाचे फोटो म्हणजे रस्त्यावरची मृगजळं आणि ओढणीने तोंड बांधलेल्या स्कूटरवरच्या मुली, असं आपण धरून चाललो आहोत. मीही ते खूप काढले. मग एका उन्हाळ्यात दाहोदकडून बांधकामावर आलेल्या एका कुटुंबाच्या पत्र्याच्या खोलीत मी दिवसातून तीन वेळा गेले: सकाळी सहा, दुपारी तीन, रात्री अकरा. सकाळी बाई छपरावर ओली पोती टाकत होती. दुपारी पोती कोरडी खडखडीत, आणि बाहेर पिंपळाखाली सगळी वस्ती. मी अंतर ठेवून मोजणारा एक साधा थर्मामीटर पत्र्याच्या आतल्या बाजूला रोखला, त्याने पन्नाशी कधीच ओलांडली होती. पण खरा फोटो रात्री अकराचा निघाला. बाई दाराच्या उंबऱ्यात बसून झोपलेल्या पोराला पुठ्ठ्याने वारा घालत होती आणि तिचे स्वतःचे डोळे मिटत होते. तिला पहाटे पाचला उठून कामावर जायचं होतं. शरीराला रात्री थंडावा मिळाला नाही तर दुसऱ्या दिवसाचं ऊन जास्त बाधतं, हे डॉक्टर सांगतात. त्या पुठ्ठ्याच्या फोटोने ते कळतं. पुढच्या मे महिन्यात मी त्याच तीन वेळांना पुन्हा गेले. कुटुंब बदललं होतं, खोली तीच होती. मालिका सुरू झाली.

अशा खोलीत शिरताना परवानगी फक्त तोंडी "हां" म्हणून घेऊ नकोस. फोटो कुठे लागेल, कोण बघेल हे सांग, आणि नको म्हणायची खरीखुरी मोकळीक दे. पुरात छातीएवढ्या पाण्यात उभा असलेला माणूस तुला नाही म्हणायच्या स्थितीत नसतो. तेव्हा आधी हात दे. फोटो राहिला तर राहिला. नंतर पाणी ओसरल्यावर जाऊन विचारलं तर लोक स्वतः उभे राहतात. दक्षिण आफ्रिकेचे गिडियन मेंडेल २००७ पासून जगभरच्या पूरग्रस्तांची व्यक्तिचित्रं त्यांच्याच बुडालेल्या घरांत काढत आले आहेत. ती माणसं कॅमेऱ्यात सरळ बघतात. त्या नजरेत दया मागणं नाही, म्हणून आपल्याला नजर चुकवता येत नाही.

आता लोक विसरतात त्याबद्दल. मोबाइलवरचा फोटो ज्या बोटाने येतो त्याच बोटाने जातो. फोटो तिथे लाव जिथे तो घडला. २०२४ चा पूर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला आणि गणपती बसले ७ सप्टेंबरला. दहा-बारा दिवसांत, भिंती ओल्या असताना, लोकांनी मंडप घातले. पुढच्या वर्षी चतुर्थी आली ती २७ ऑगस्टला, म्हणजे अगदी पुराच्या वर्षदिनी. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या मुलांना मी म्हटलं, आरासीची एक बाजू मला द्या. आम्ही मंडपाच्या कापडावर एक निळी फीत लावली, त्या जागी पाणी जेवढं चढलं होतं तेवढ्याच उंचीवर. फोटो फितीच्या खाली लावले. बघायला येणारा माणूस बघता बघता पाण्याखाली उभा असायचा. लहान मुलं फितीशी आपली उंची मोजायची आणि आई त्यांना उचलून फितीच्या वर धरायची, न सांगता.

दहा दिवसांत जे घडलं ते कुठल्याही कलादालनात माझ्या वाट्याला आलं नव्हतं. एका आजोबांनी एक फोटोओळ दुरुस्त केली, गल्लीचं नाव चुकलं होतं. चौघांनी स्वतःच्या मोबाइलमधले फोटो आणून दिले. शेजारच्या सोसायटीतल्या एकीने तिच्या इमारतीखाली पूर्वी कोतर होतं याचा जुना फोटो आणला, त्यात तिचे सासरे काठावर उभे होते. तो फोटो आम्ही लावला आणि त्यासमोर सर्वांत जास्त गर्दी झाली. विसर्जनानंतर त्या सोसायटीने पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डे घ्यायचं ठरवलं आणि त्यातले दोन झाले. नदीला त्याने फरक पडत नाही, मला माहीत आहे. पण त्या लोकांनी पहिल्यांदा पाण्याला विचारलं की तू जाणार कुठे.

हे शोषखड्डे मी फोटोत घेतले, त्यालाही कारण आहे. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की हवामानबदलाच्या हानीचे फोटो बघून लोकांना प्रश्न महत्त्वाचा वाटतो, पण आपल्या हातात काही आहे असं मात्र वाटेनासं होतं. मी ते मंडपात पाहिलं. पुराच्या फोटोंसमोर लोक गप्प होत, खड्ड्याच्या फोटोसमोर विचारत, "खर्च किती आला?" तुझ्या मालिकेत हा दुसरा फोटो नसेल तर ती अर्धी आहे. पत्र्यावर पांढरा रंग दिलेलं छप्पर, दुपारी काम बंद ठेवणारा मुकादम, आजीचा तो भिंतीचा पट्टा. शोधलंस तर सापडेल.

साठवणीचं थोडक्यात सांगते. मूळ फाइल कधी बदलू नकोस, दोन वेगळ्या घरांत दोन प्रती ठेव, आणि वहीतली नोंद फाइलमध्येही भर. २००५ मध्ये माझ्या कपाटाच्या खालच्या खणातले सहा वर्षांचे निगेटिव्ह पाण्यात गेले. नदीच्या काठांचे जुने फोटोच त्यात होते. ते वाळवताना एकमेकांना चिकटलेले आजही माझ्याकडे डब्यात आहेत. आता सगळं तिसऱ्या मजल्यावर, बहिणीकडे असतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता मी काळा घोडा पुलावर असते, कठड्याच्या त्याच खांबापाशी. तिथला एक फोटो झाला की पुढे स्वयंपाकघरवाल्या वस्तीत जाते. तुझी पोलादी टेप आणि एक कोरी वही घेऊन ये. पहिल्या दिवशी कॅमेरा आणला नाहीस तरी चालेल.